“जरा चकाकतेय” : कॅनडाच्या परिवहन मंत्र्यांना एका मराठी वैमानिकेचं खुलं पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री, कॅनडा सरकार, ओटावा

महोदय,

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. ही मराठी प्रत माझ्या माणसांसाठी. बारामती, धुळ्याकडे विमान शिकून इथे उड्डाणाचे तास जमवायला येणाऱ्या पोरापोरींनी ती वाचावी, असं वाटतं.

गेल्या नोव्हेंबरातली सकाळ. उत्तर ओंटारिओतल्या एका वस्तीवर मी कॅराव्हॅन हे छोटं विमान घेऊन निघाले होते. मागे टपाल, दुधाचे खोके आणि सू लुकआउट या गावी दवाखाना करून घरी परतणाऱ्या दोन आजीबाई. तापमान उणे १. रात्री पाऊस पडून धावपट्टीवरच गोठलेला. वारा पट्टीला ६० अंशांनी आडवा, १८ नॉट (एक नॉट म्हणजे तासाला सुमारे १.८५ किलोमीटर), झोत २६ चे. खाली रेडिओवर विचारलं, पट्टी कशी आहे? उत्तर आलं, “जरा चकाकतेय.”

उत्तर देणाऱ्यावर माझा राग नाही. तो भल्या पहाटे उठून पट्टी साफ करायचा ग्रेडर फिरवतो, मग विमानतळाचे दिवे बघतो आणि वर आमच्याशी रेडिओवर बोलतो. त्याच्या हातात मोजायला काही नाही, म्हणून तो डोळ्यांनी मोजतो.

६० अंशांतल्या १८ नॉटचा आडवा वाटा साडेपंधरा होतो आणि २६ च्या झोताचा साडेबावीस. कॅराव्हॅनच्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा सिद्ध करून दाखवलेला आकडा २० नॉट आहे. पण पुस्तकातला आकडा चाकं जमिनीला धरतात असं गृहीत धरून असतो. हवेत आडवा वारा फारसा भिववत नाही. नाक वाऱ्याकडे वळवून खेकड्यासारखं तिरकं यायचं, शेवटच्या क्षणी रडरने, म्हणजे शेपटावरच्या सुकाणूने, नाक सरळ करायचं, वाऱ्याकडचा पंख किंचित खाली ठेवायचा. हे शिकवून येतं. खरी गंमत चाकं टेकल्यावर सुरू होते. वेग कमी होतो तसा रडर निकामी होत जातो, आणि ज्या क्षणी ते काम चाकांनी उचलायचं त्याच क्षणी चाकांखाली काच असते. शेपटावर वारा बसतो आणि विमान वाऱ्याच्या कोंबड्यासारखं नाक फिरवतं. ब्रेक दाबून उपयोग नाही. पुढच्या पंख्याचा जोर उलटा करावा, तर नाक वाऱ्याकडे वळलेलं असल्याने त्याचा जोर मागे आणि वाऱ्याच्याच दिशेने जातो. म्हणजे वारा ज्या कडेला ढकलतोय तिकडेच आपणही स्वतःला ढकलतो. शिवाय त्याने उडालेला बर्फाचा भुगा समोरचं काही दिसू देत नाही.

मी उतरले नाही. एक घिरटी घातली आणि परत फिरले. आजीबाईंची घरची रात्र हुकली. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांतल्या एकीने खिडकीतून आपल्या घराचं छप्पर दिसेनासं होईपर्यंत मान वळवलेलीच ठेवली.

आमच्या मराठीत भुरभुरणारा, दाबलेला, काचेसारखा, सगळा बर्फच. वेगळे शब्द लागावेत अशी वेळच आमच्यावर आली नाही. तुमच्या देशाचं तसं नाही. घर्षणाचा ० ते १ असा कॅनडाचा स्वतःचा निर्देशांक आहे, गाडीतल्या यंत्राने मोजलेला. ऑगस्ट २०२१ पासून तुम्ही धावपट्टीच्या अवस्थेचा जागतिक कोडही स्वीकारला. कोरडी पट्टी ६. दाबलेला बर्फ उणे १५ किंवा त्याहून थंड असेल तर ४, त्याहून उबदार असेल तर ३. नुसता गोठलेला थर १. तोच थर वरून ओला असेल तर शून्य. नवख्यांना वाटतं उणे ३५ भयंकर; आम्हाला धास्ती उणे १ ची असते, आणि हा कोड ती धास्ती बरोबर ओळखतो. फक्त मी ज्या खडीच्या पट्ट्यांवर उतरते, तिथून मला असा कोड आजवर मिळालेला नाही. तिथे पहिलं उतरणारं विमान हेच मोजयंत्र. मागून येणाऱ्याला मी सांगते. मला कोण सांगणार?

खडीवर घर्षण मोजणारं ते यंत्र भरवशाचं नाही, असं तुमचे अधिकारी म्हणतील. मग खडीवर चालेल असं बनवून घ्या. ओंटारिओचे २९ दुर्गम विमानतळ प्रांत चालवतो, असंही उत्तर येईल. पण हवाई वाहतुकीचे नियम ओटावाचे आहेत, प्रांताचे नाहीत.

आणि ते नियम कुणासाठी होतात? पट्टीच्या टोकाला १५० मीटरची मोकळी सुरक्षित जागा हवी, हा नियम तुम्ही २०२२ मध्ये आणला. चांगलं केलंत. पण तो वर्षाला ३,२५,००० हून अधिक प्रवासी असलेल्या विमानतळांना. माझ्या वस्तीवर तेवढी माणसं दोन-तीन पिढ्यांतही उतरणार नाहीत. नावडतीचं मीठ अळणी, असं आमच्याकडे म्हणतात. तुमच्याच महालेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये उत्तरेतल्या ११७ दुर्गम विमानतळांबद्दल अहवाल दिला आणि त्यांच्या गरजांसाठी परिवहन खात्याने पुढाकार घेतला नाही, असं स्पष्ट लिहिलं. साऱ्या देशातल्या छोट्या विमानतळांच्या सुरक्षाकामांसाठीचा निधी तेव्हा वर्षाला ३.८ कोटी डॉलर होता.

जाता जाता एक सांगते. दुसऱ्या महायुद्धात याच देशाने राष्ट्रकुलातल्या पोरांना विमान शिकवायला तळ उभारले, तेव्हा कित्येक ठिकाणी तीन पट्ट्यांचा त्रिकोण आखला. वारा कुठूनही येवो, एक तरी पट्टी त्याच्या तोंडाला मिळावी म्हणून. आता वस्तीला एकच पट्टी, आणि वारा तिला विचारून येत नाही.

मी त्रिकोण मागत नाही. ग्रेडर फिरवणाऱ्या माणसाला प्रशिक्षण, त्याचा पगार आणि मोजायचं साधन द्या. वाऱ्याचं यंत्र झाडांच्या आडोशाला नको, चाकं टेकतात तिथे हवं. पट्टीकडे तोंड केलेला एक कॅमेरा हवा, म्हणजे चकाकी मला निघण्याआधी दिसेल. आणि वैद्यकीय प्रवासी जिथे नियमित उतरतात, तिथे पट्टीचा अहवाल देणं बंधनकारक करा, प्रवासीसंख्या काहीही असो.

ऑक्टोबरात गोठणारा पाऊस पुन्हा सुरू होईल. त्याआधी तुमच्या खात्यातलं कुणी माझ्या उजव्या सीटवर बसायला तयार असेल, तर जागा आहे. टपालाची दोन पोती मी पुढच्या फेरीला नेईन.

आपली,
एक वैमानिक
उत्तर ओंटारिओ