कपाटं रिकामी झाली, काम संपलेलं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सगळं ऑनलाइन झाल्यावर ग्रंथालयात इतकी माणसं कशाला, हा प्रश्न हल्ली महाविद्यालयांच्या बैठकांत हमखास निघतो. विचारणाऱ्यांपैकी कुणी ई-जर्नलचा, म्हणजे ऑनलाइन संशोधनपत्रिकेचा, परवाना करार शेवटच्या पानापर्यंत वाचला असेल, असं मला वाटत नाही. तो वाचणं हेच माझं काम, म्हणून हे पत्र.

गेल्या सत्रात एका संशोधक विद्यार्थिनीला एक जुना लेख हवा होता. कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव होतं, पुढे ‘पूर्ण मजकूर उपलब्ध’ असंही होतं. क्लिक केलं की मात्र पैसे भरायचं पान. आपलाच पासवर्ड चुकतोय असं समजून तिने चार दिवस घालवले, मग बिचकत बिचकत माझ्याकडे आली. झालं होतं असं, की ते जर्नल एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेलं होतं. जुने अंक नव्या संकेतस्थळावर हलले, पण तिथे आमच्या संस्थेचा हक्क नोंदवलाच गेला नव्हता. आमच्या यादीत पत्ता आणि तारखा जुन्याच. त्या वर्षांची वर्गणी आम्ही भरली होती, हे दाखवायला जुनं बिल शोधावं लागलं. निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्यांना प्रत्येक कागद फाइलला लावायची खोड होती, म्हणून ते सापडलं. तेव्हा आम्ही त्यांना हसायचो.

छापील अंकांना ही भानगड नव्हती. वर्गणी थांबली तरी बांधीव खंड कपाटातच राहत. ई-जर्नल मात्र आपण बहुतेक वेळा विकत घेत नाही, वापरायची परवानगी घेतो. वर्गणी बंद झाल्यावर, पैसे भरलेल्या वर्षांचे अंक दिसत राहणार की नाही, हे करारातलं एक कलम ठरवतं. अंक ‘क्लॉक्स’ या डिजिटल जतन-संग्रहात ठेवलेले आहेत, असं विक्रेते छातीठोकपणे सांगतात. ते खरंही असतं. पण तिथला मजकूर खुला होतो, तो कुठल्याच प्रकाशकाकडे मिळेनासा झाल्यावरच. आपण वर्गणी थांबवली म्हणून तो आपल्याला मिळत नाही. त्यासाठी कलमच हवं.

दुसरा मुद्दा आकडेवारीचा. ‘काउंटर’ या मानकानुसार प्रकाशक वापराचे अहवाल देतात. २०१९ पासून लागू झालेल्या त्याच्या पाचव्या आवृत्तीत एकूण मागण्या (लेख जितक्यांदा उघडला वा उतरवला तितक्या) आणि युनिक मागण्या (एका बैठकीत एका लेखाची एकच) वेगळ्या मोजतात. एकाच बैठकीत एखाद्याने लेख आधी एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानावरच, उघडला, मग पीडीएफ उतरवली, तर एकूण मागण्या दोन आणि युनिक एक. आमच्याकडे मात्र किमतीला एकूण मागण्यांनी भागायचं आणि जे महाग निघेल त्यावर काट मारायची, अशी रीत आहे. वापर शून्य दिसला की मग विचारायलाच नको. पण तुटलेल्या लिंकचाही वापर शून्यच दिसतो! घरून वाचणारा आमच्याच संस्थेचा आहे हे प्रकाशकाला पटवणाऱ्या प्रॉक्सी सर्व्हरच्या यादीत नवा पत्ता घालायचा राहिला, तर तो विद्यार्थी प्रकाशकाच्या लेखी आमचा उरतच नाही. आमच्या विद्यार्थिनीचे ते चार दिवस अहवालात दिसतील तर नाकारलेल्या मागण्यांत, ‘परवाना नाही’ या शेऱ्याखाली. तो तक्ता कुणी उघडत नाही.

किमतीविषयी तोंड बंद ठेवायला लावणारी कलमं हा आणखी एक जाच. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २०११ मध्येच असे करार करणार नसल्याचं जाहीर केलं होतं. लहान संस्थांना एकटीने हे जमणार नाही, समूहाने मागितलं तर जमेल.

माझी मागणी साधी आहे. वर्गणीच्या नूतनीकरणाच्या फाइलवर ग्रंथपालाची सही सगळं ठरल्यावर घेतली जाते, ती आधी घ्या. आणि लिंक, हक्क, प्रॉक्सी यांची तपासणी हे एका माणसाचं नेमून दिलेलं काम असू द्या, बाकीची कामं उरकून जमलं तर करायचं नको.

त्या विद्यार्थिनीला लेख अकराव्या दिवशी मिळाला. प्रबंधाचं आपलं प्रकरण तिने नवव्या दिवशीच मार्गदर्शकांकडे दिलं होतं.

आपली,
एक ग्रंथपाल