हे प्रदर्शन गणिताच्या शिक्षकांनीही बघायला हवं होतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लंडनच्या डलिच पिक्चर गॅलरीत एम. सी. एशर या डच चित्रकाराच्या प्रिंट्सचं प्रदर्शन १७ जानेवारी २०१६ पर्यंत चालू होतं, त्याबद्दल लिहितोय.

एशरची चित्रं आपण टीशर्टवर, पोस्टरवर, मोबाइलवर इतकी बघितलेली असतात की वाटतं आता अजून काय बघायचं. पण 'डे अँड नाइट' (१९३८) समोर जाऊन उभं राहा. खाली करडी चौकोनी शेतं, ती वर सरकता सरकता पक्षी होतात, पांढरे पक्षी उजवीकडे रात्रीत चाललेत, काळे डावीकडे दिवसात, आणि एका पक्ष्याची कड तीच दुसऱ्याची कड, मधे रिकामी जागा नाहीच. हे सगळं लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर हाताने कोरलेलं, एक काळ्या शाईचा, एक करड्या. छापायलाही मशीन नाही, कागदाच्या पाठीवर हाडाचा छोटा चमचा घासून घासून छाप घ्यायचा हा माणूस! जवळ गेलं की शेतातल्या रेघांमधे कोरणी कशी फिरलीय ते दिसतं, मोबाइलवर हे कधीच कळत नाही. 'मेटामॉर्फोसिस २' तर जवळपास चार मीटर लांब आहे, चालत चालतच बघावं लागतं.

आणि हा शाळेत गणितात कच्चा होता बरं का. १९३६ मधे स्पेनच्या अल्हाम्ब्रा महालातली फरश्यांची नक्षी त्याने बसून उतरवून घेतली, मग भूगर्भशास्त्रज्ञ असलेल्या सावत्र भावाने त्याला स्फटिकांवरचे पेपर सुचवले, त्यातून पोल्या या गणितज्ञाचा १९२४ चा पेपर हाती लागला. सपाट जागेवर पुन्हापुन्हा येणाऱ्या नक्षीचे एकूण १७ च प्रकार असतात असं त्यात दाखवलंय. त्यातलं गणित एशरला झेपलं नाही, पण आकृत्या त्याने वहीत उतरवल्या आणि पुढे आयुष्यभर वापरल्या.

थोड्या दिवसांच्या प्रदर्शनाने काय होतं असं कुणी म्हणेल, त्यांच्यासाठी सांगतो. १९५४ मधे अ‍ॅमस्टरडॅमला गणितज्ञांची जागतिक परिषद भरली तेव्हा तिथे एशरचं प्रदर्शन लावलं होतं. ते बघून रॉजर पेनरोज नावाचा तरुण विद्यार्थी भारावून गेला, त्याने अशक्य त्रिकोण (कागदावर काढता येतो, पण प्रत्यक्षात बनवता येत नाही असा) काढला, वडिलांबरोबर त्यावर पेपर लिहिला, तो एशरकडे पोचला आणि त्यातून 'वॉटरफॉल' (१९६१) हे चित्र आलं, ज्यात पाणी खाली पडून परत वरच जातं.

आपल्याकडे तर यासाठी जमीन तयारच आहे हो. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेल्या प्रत्येकाने संकल्पचित्र आणि भूमिती एकाच परीक्षेत केलेलं असतं, ठिपक्यांची रांगोळी घराघरात आहे. तरी शाळेत चित्रकलेचा तास वेगळा, गणिताचा वेगळा, आणि चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकायचा ही पद्धत तर सगळ्यांनाच माहितीय, मला त्याचं फार वाईट वाटतं.

आपल्या शालेय पुरवणीत एशरवर एक सचित्र लेख द्यावा ही विनंती. आणि मुंबई-पुण्यात असं प्रदर्शन भरवायचं कुणी मनावर घेतलंच तर शाळांना बोलावताना चित्रकलेच्या सरांबरोबर गणिताच्या बाईंनाही आवर्जून बोलवा.

कळावे,
आपला एक वाचक, लंडन