ऑफर लेटरवर सही करण्याआधी

प्रिय मित्रा,

मोठ्या कंपनीत जावं का, याचं हो-नाही तू मागितलंस. ते नाही देत. आत काय चालतं ते लिहितो, मग तूच ठरव.

पगार ठरल्या तारखेला होतो, आजारी पडलास तर काम अडत नाही, हे तुला ठाऊकच आहे. खरा फायदा कामाच्या खोलीचा. छोट्या ठिकाणी सर्व्हर, हिशेब आणि ग्राहकांचे फोन एकाच माणसाच्या गळ्यात असतात. मोठ्या कंपनीत प्रत्येक कामाला वेगळी टीम, त्यामुळे एकाच विषयात वर्षानुवर्षं मुरलेली माणसं शेजारच्या टेबलावर सापडतात. त्यांना विचारायला लाजू नकोस.

पण कामाची ही वाटणीच पुढे नडते. समज, तुला एक डेटाबेस बघायचाय. तिकीट, म्हणजे ऑनलाइन विनंती टाकायची, मग मॅनेजरची मंजुरी, मग डेटा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची, मग सिक्युरिटीची. प्रत्येकाकडे दोन दिवस धरले तरी पाच मिनिटांच्या कामाला आठवडा जातो. तिकीट परत येतं ते बहुतेकदा ‘कारण’ या रकान्यामुळे. ‘कामासाठी हवं’ एवढ्यावर कोणी सही करत नाही. कोणतं टेबल, नुसतं वाचायला की बदल करायलाही, किती दिवस, कोणत्या प्रोजेक्टसाठी, हे पहिल्याच वेळी लिही. रोनाल्ड कोझ या अर्थशास्त्रज्ञाने 1937 मध्ये मांडलं होतं की बाहेर प्रत्येक व्यवहाराचा भाव काढणं आणि करार करणं महाग पडतं म्हणून कंपन्या उभ्या राहतात. पण त्या वाढत गेल्या की आतला कारभार हाकणंही महाग होत जातं. तो खर्च तुला कॅलेंडरमधल्या मीटिंगांच्या रूपात दिसेल.

अप्रेझलबद्दल, म्हणजे वर्षाच्या कामाच्या मूल्यमापनाबद्दल, सविस्तर सांगतो, कारण नवा माणूस फसतो तो इथेच. रेटिंग तुझा मॅनेजर एकटा देत नाही. तो आकडा सुचवतो, मग कॅलिब्रेशनच्या, म्हणजे सगळ्यांची रेटिंग्ज एकमेकांशी ताडून बघण्याच्या बैठकीत बाकीचे मॅनेजर आपापली माणसं पुढे करतात आणि घासाघीस होते. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च प्रमुख असताना कर्मचाऱ्यांची वरचे 20 टक्के, मधले 70 आणि तळाचे 10 अशी उघड विभागणी असायची. मायक्रोसॉफ्टने तसली क्रमवारी 2013 मध्ये बंद केली. पण सगळ्यांच्या पगारवाढीची एकूण रक्कम आधीच ठरलेली असेल, तर कोटा नावाने गेला तरी गणिताने परत येतोच. त्या बैठकीत तुझ्या वाट्याला दोन-चार मिनिटं येतात, आणि तुझं काम न पाहिलेली माणसं निकाल लावतात. म्हणून दर शुक्रवारी चार ओळी लिहून ठेव: काय केलं, आधी आकडा किती होता, आता किती, उपयोग कोणाला झाला. ‘रिपोर्ट सुधारला’ हे बैठकीत टिकत नाही. ‘रिपोर्टला 40 मिनिटं लागायची, आता 6 लागतात’ हे टिकतं. आणि हे मॅनेजरला वर्षभर कळवत राहा, कारण शेवटी आठवतात ते शेवटचे दोन महिनेच.

पगाराबरोबर कंपनीचे शेअर मिळणार असतील तर नुसत्या एकूण आकड्यावर भाळू नकोस. नेहमीचा साचा चार वर्षांचा: 480 शेअर असले तर पहिलं वर्ष भरल्यावर 120, पुढे दरमहा 10. अकराव्या महिन्यात सोडलंस तर शून्य. काही ठिकाणी माप शेवटाकडे कललेलं असतं. ॲमेझॉनची चार वर्षांत अनुक्रमे 5, 15, 40, 40 टक्के देण्याची पद्धत प्रसिद्धच आहे. तिथे एकूण रकमेला चाराने भागलंस की पहिल्या वर्षाचा हिशेब साफ चुकतो. शिवाय अनेक देशांत शेअर हातात पडतात त्या दिवशीच्या भावाने पगारासारखा कर लागतो, मग तू ते विको वा न विको.

नोकरी पक्की असते, हा मात्र भ्रम. कपातीत अख्खी टीम गेली की चांगलं रेटिंगही वाचवत नाही. आणि रीऑर्ग, म्हणजे टीमची फेररचना झाली, मॅनेजर बदलला, की तोंडी दिलेलं बढतीचं आश्वासन त्याच्याबरोबरच जातं. तेव्हा मुलाखतीतच विचार: जागा नवी की कोणी सोडलेली? वर्षभरात या टीमचे मॅनेजर किती झाले? बढतीचा निर्णय कोण घेतं?

राहिलं तू घरी स्वतःसाठी बनवतोयस ते ॲप. ते कंपनीच्या लॅपटॉपवर उघडूसुद्धा नकोस. करारात बौद्धिक संपदेचं कलम असेल, आणि बऱ्याचदा आधीपासूनची स्वतःची कामं नोंदवायला एक परिशिष्टही असतं. लोक ते कोरं सोडतात. तू ॲपचं नाव आणि सुरू केल्याची तारीख त्यात लिही. कलमाची भाषा घोळदार वाटली तर सही करण्याआधी ते पान मला पाठव.

तुझाच,
मित्र