तुमच्या फोटोतला आमचा तिसरा खंड

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत जुन्या बाजारातल्या पुस्तकांवर अर्धं पान छापलंत, छान केलंत. फोटो तर इतका स्पष्ट आलाय की डावीकडच्या गठ्ठ्यात खालून चौथं पुस्तक मी भिंग न लावता ओळखलं. दाते-कर्वेंच्या महाराष्ट्र शब्दकोशाचा तिसरा खंड. हे पत्र त्याबद्दलच आहे.

आमच्याकडे या कोशाचे सहा खंड आणि १९५० ची पुरवणी आहे, वडिलांनी जमवलेली. तिसरा त्यांनी ऑफिसातल्या एका स्नेह्यांना दिला तो दिलाच, ते स्नेही गेले, वडीलही गेले. १९३२ ते १९३८ एवढ्या वर्षांत सातही खंड आपल्या पुण्यातून छापून बाहेर पडले आणि मी गेली अकरा वर्षं त्यातला एक शोधतोय. मुलगा म्हणतो बाबा ऑनलाइन फुकट बघता येतो. येतो ना, मी बघतोही, पण कपाटात दुसऱ्या आणि चौथ्याच्या मधे मोबाईल ठेवू का?

तर गेल्या रविवारी तो मला दिसला. पुठ्ठा निघालेला, कडेला कसर लागलेली, पण पानं सगळी. पुस्तकवाला म्हणाला तीनशे. मी दोनशे म्हणालो, तो नाही म्हणाला. मग मी आपली नेहमीची पद्धत केली, म्हणजे पुस्तक खाली ठेवायचं, जुनी घड्याळं नि पाने-पक्कड बघत एक चक्कर मारायची आणि परत यायचं. परत आलो तरी तीनशेच. म्हटलं राहू दे, पुढच्या रविवारी देईल झक मारत, शब्दकोश कोण नेतोय. (हिने घरी आल्यावर जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही.)

काल सकाळी पुरवणी उघडली आणि चहा तसाच टाकून रिक्षा केली. पाहतो तर ताडपत्रीभोवती हीऽ गर्दी, निम्मी पोरं व्हिडिओ काढतायत, आणि गठ्ठ्यावर तुमचं पान दगड ठेवून पसरलेलं. 'काका, अडीच हजार. पेपरात आलाय तो.' मी म्हणालो अहो गेल्या आठवड्यात तीनशे होता, तर म्हणे तेव्हा नव्हता आला. यावर काय बोलणार! सांगायचा मुद्दा, तुमच्या प्रतिनिधीने 'कवडीमोल भावात दुर्मीळ ग्रंथ' असं लिहिलंय ते फार तर परवापर्यंत खरं होतं.

पुस्तकवाल्यावर माझा राग नाही. वाडे पडतात, मुलं परदेशात, आजोबांचं कपाट किलोवर रद्दीत जातं, तिथून हे लोक एकेक निवडून काढतात. हे नसते तर त्या खंडाचा लगदा झाला असता. पण आपल्या लेखात हे कुठेच नाही, नुसता जुन्या कागदाचा सुगंध. सुगंध कसला, धूळ असते, मला दोन दिवस शिंका येतात. शिवाय बाजार फक्त रविवारी भरतो असं ठोकून दिलंय. बुधवारीही भरतो हो! अर्थात हे छापलं नाहीत तर बरंच, निदान बुधवार तरी आमच्यासारख्यांना राहील. आणि जुनी पुस्तकं म्हणून अप्पा बळवंत चौकही त्यात घुसडलाय, तिथे जून महिन्यात क्रमिक पुस्तकांसाठी पालक धक्के खात असतात, ती मजा वेगळी.

जाता जाता, शब्दकोड्याचं काय चाललंय? गेल्या आठवड्यात उभा ७ आणि आडवा १२ एकमेकांत बसतच नव्हते, आणि काल उत्तर दिलंत त्यात चक्क ऱ्हस्व-दीर्घ बदलून बसवलेत. अभिजात दर्जा मिळाला म्हणून २०२४ मध्ये पहिल्या पानावर मोठ्ठा मथळा केला होतात ना? कोडं करणाऱ्यांना एक शब्दकोश घेऊन द्या. तिसरा खंड कुठे मिळेल ते मी सांगतो.

मी सहाशेपर्यंत चढलो होतो. तो हजारावर अडला, मी निघालो, परत फिरलो तोवर एका मुलाने उचललाही होता, किती दिले कळलं नाही. त्याच्या वाचनात हे पत्र आलं तर त्याने पेपरच्या ऑफिसात निरोप ठेवावा. हजार देईन.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सदाशिव पेठ, पुणे ३०