पोत्यात काय आहे हे ड्रायव्हरला माहीत होते, हे कोण सिद्ध करणार? गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मागच्या मंगळवारी माझ्या भाच्याच्या खटल्यात पंच, म्हणजे जप्तीच्या वेळचे साक्षीदार, हजर नव्हते म्हणून पुढची तारीख पडली. त्याच्या आधीच्या तारखेला तपास अधिकारी आले नव्हते, आणि त्याच्याही आधी कैदी पार्टी, म्हणजे कैद्याला कोर्टात नेणारे पोलीस, मिळाली नाही म्हणून भाच्यालाच तुरुंगातून आणलेले नव्हते. 14 महिने झाले. आपण कामात असाल याची मला कल्पना आहे. माझ्याकडे मात्र आता पत्र लिहिण्यापलीकडे काम उरलेले नाही, कारण माझा ट्रकही भाच्याबरोबरच अडकला आहे.

मी निफाड तालुक्यातला एका गाडीचा मालक. भाचा ती चालवत असे. कांदा घेऊन तो राजमुंद्रीकडे गेला आणि परतीचे भाडे म्हणून एका एजंटाने नारळाची 380 पोती भरून दिली. आपल्या राज्यात शिरल्यावर नाकाबंदीत गाडी थांबवली गेली, तेव्हा त्यातल्या 6 पोत्यांत नारळांच्या खाली खाकी चिकटपट्टीत गुंडाळलेला 46 किलो गांजा सापडला. तो सापडला, याबद्दल माझे काही म्हणणे नाही. गांजा 20 किलोंच्या वर असला की ते व्यापारी प्रमाण ठरते आणि शिक्षा किमान 10 वर्षांची असते, हेही मला आता पाठ झाले आहे. माझे म्हणणे एका वाक्याबद्दल आहे. पोत्यांत काय आहे हे भाच्याला माहीत होते, याचा आधार म्हणून दोषारोपपत्रात जे आहे ते एवढेच: विचारपूस करता त्याने उडवाउडवीची उत्तरे दिली.

रात्री अडीच वाजता, दोन दिवसांच्या ड्रायव्हिंगनंतर, सहा पोलिसांच्या गराड्यात उभा केलेला 26 वर्षांचा मुलगा कशी उत्तरे देईल अशी अपेक्षा होती, हे कोणी लिहिलेले नाही.

1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या, कायद्याचे कलम 35 मी वकिलांकडून तीन वेळा समजून घेतले. आरोपीच्या मनात गुन्ह्याची जाणीव होती असे न्यायालयाने गृहीत धरायचे, आणि ती नव्हती हे आरोपीने सिद्ध करायचे, तेही वाजवी संशयापलीकडे. एखादी गोष्ट आपल्याला माहीत नव्हती याचा पुरावा माणूस कुठून आणणार? 2008 साली नूर आगा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कायम ठेवले, पण ताबा वगैरे मूळ गोष्टी आधी सरकार पक्षाने सिद्ध करायच्या, आणि त्यानंतर आरोपीने आपली बाजू अधिक संभाव्य आहे एवढे दाखवले तरी पुरे, असेही सांगितले. हे सगळे खटला चालला तर. तोवर कलम 37 आहेच, ज्यात जामीन हवा असेल तर आरोपी दोषी नाही असे मानायला वाजवी कारण आहे, हे न्यायालयाला आधीच पटावे लागते. म्हणजे निकाल आधी आणि साक्षीपुरावा मागाहून!

आता पुराव्याचे बोलू. बिल्टीवर, म्हणजे माल भरल्याच्या वाहतूक पावतीवर, 380 पोती आहेत आणि पंचनाम्यातही मोजून 380 च भरली. वाटेत एकही पोते वाढलेले नाही. मी मुद्देमालाचे फोटो पाहिले. त्या 6 पोत्यांची तोंडे बाकीच्या पोत्यांसारख्याच निळ्या सुतळीने, तशाच टाक्यांनी शिवलेली आहेत. ज्याने शिवली त्याला आत काय आहे ते ठाऊक होते. पंचनाम्यात सुतळीबद्दल एक शब्द नाही. एजंट ‘पाहिजे आरोपी’ म्हणून कागदावर आहे आणि त्याचा फोन त्या रात्रीपासून बंद आहे. गाडी कुठे किती वेळ थांबली हे फास्टॅगच्या नोंदींवरून कळले असते, पण त्या कोणी मागवल्या नाहीत.

ड्रायव्हरने पोती तपासायला हवी होती, असे मला ऐकवण्यात आले. महोदय, शिवण उसवलेले एक पोते जरी उतरले तरी व्यापारी घट दाखवून भाडे कापतो. ड्रायव्हरने ताडपत्री आवळायची असते, माल उघडायचा नसतो. सप्टेंबर 2021 मध्ये मुंद्रा बंदरावर सुमारे 3 टन हेरॉइन सापडले, तेव्हा बंदर चालवणाऱ्यांनी सांगितले की कंटेनर उघडून पाहण्याचा अधिकार आम्हाला नसतो. ते खरेच आहे, आणि त्यांच्यापैकी कोणाला त्यासाठी रात्री अडीच वाजता रस्त्यावर उभे केले गेले नाही, हेही योग्यच झाले. आमच्या पोरालाही कोणी तेवढेच विचारले असते तर बरे झाले असते. पण मोठ्या माणसाचे न कळणे म्हणजे नियम, आणि ड्रायव्हरचे न कळणे म्हणजे उडवाउडवी.

माझ्या गाडीचे काय झाले तेही ऐका. ठाण्याच्या आवारात ती उभी आहे. बॅटरी केव्हाच गेली, मागची चार चाके बसली, केबिनमध्ये उंदरांनी सीट फोडली. हप्ता 41 हजारांचा आहे. सात थकले, आणि पत्नीचे दागिने सोसायटीत गहाण आहेत. कलम 60 प्रमाणे गाडी वाचवायची तर मला माहीत नव्हते एवढ्याने भागत नाही, ड्रायव्हरलाही माहीत नव्हते आणि दोघांनी वाजवी खबरदारी घेतली हेही मीच दाखवायचे. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसामातल्या एका ट्रकमालकाला खटला चालू असतानाच गाडी परत दिली आणि या कायद्यात तशी मनाई नाही असे स्पष्ट केले. त्या निकालाची प्रत जोडून मी अर्ज केला, त्याला चार महिने झाले. सरकार पक्षाचा ‘से’, म्हणजे अर्जावरचे लेखी म्हणणे, अजून आलेला नाही.

देशातल्या तुरुंगांत चारांपैकी तीन कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, आहेत, असे सरकारचेच 2022 चे आकडे सांगतात. त्यांत ड्रायव्हर, क्लीनर, हमाल किती, हे मोजण्याची गरज कोणाला वाटली असेल असे मला वाटत नाही. जप्त माल किलोत मोजता येतो, पोत्यांमागे उभे राहून फोटो काढता येतो, वर्तमानपत्रात किंमत कोटींत छापून येते. माल भरणारा सापडला का, हे दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही. त्यामुळे पुढच्या आठवड्यात तोच एजंट दुसऱ्या गाडीत पोती भरतो.

मला मेहेरबानी नको. माल कुठे, कोणी भरला, पोती कोणी शिवली, गाडी कुठे थांबली, हे तपासल्याशिवाय ‘आरोपीस माहिती होती’ असे दोषारोपपत्रात लिहिता येणार नाही, एवढा लेखी आदेश काढा. आणि ‘से’ द्यायला सांगा, नाही म्हणायचे असेल तर नाही म्हणा, पण म्हणा. पुढची तारीख 19 ची आहे. पंचांना समन्स बजावले आहे, असे या वेळीही सांगण्यात आले आहे.

आपला,
एका जप्त ट्रकचा मालक
ता. निफाड, जि. नाशिक