पाहुण्याला छावणी, यजमानाला गोळी

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

सप्टेंबरात फ्रान्समधल्या सें-जाँ-द-ल्यूझहून पिरेनीज डोंगराच्या कडेकडेने स्पेनपर्यंत चालत जायचं ठरवलंयस, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. ती वाट ‘कॉमेट लाईन’ची, म्हणजे जर्मनांच्या ताब्यातल्या मुलखातून माणसं बाहेर काढणाऱ्या एका गुप्त साखळीची. दुसऱ्या महायुद्धात बेल्जियम-फ्रान्समध्ये पाडल्या गेलेल्या विमानांतून वाचलेले पावणेतीनशेहून अधिक वैमानिक या मंडळींनी डोंगरापलीकडे पोचवले. लोक डोंगराबद्दल, नदीबद्दल, वाटाड्याबद्दल भरभरून बोलतात. माझ्या मते अवघड काम त्याच्या कितीतरी आधी, ब्रसेल्स-पॅरिसमधल्या दोन-तीन खोल्यांच्या घरांत झालं, आणि त्यातलं बरंचसं बायकांनी केलं.

आधी शिक्षेचा हिशेब लक्षात घे. २२ सप्टेंबर १९४१ रोजी पॅरिसमधला जर्मन लष्करी सेनानी श्टुल्पनागेल याने भिंतींवर जाहीरनामा लावला: हवाई छत्रीने उतरलेल्या शत्रूच्या वैमानिकाला मदत करणाऱ्या पुरुषाला गोळी, बाईला जर्मनीतली छळछावणी, पकडून देणाऱ्याला दहा हजार फ्रँकपर्यंत बक्षीस. वैमानिक सापडला, तर गळ्यातला ओळखीचा बिल्ला दाखवून तो युद्धकैदी ठरू शकत होता, कारण १९२९चा जिनिव्हा करार त्याच्या बाजूने होता. त्याला पाव वाढणाऱ्या बाईच्या बाजूने कुठलाच करार नव्हता.

उतरल्यावरचे पहिले काही तास सगळ्यात धोक्याचे. छत्री, तरंगणारं जाकीट, शिरस्त्राण पुरायचं किंवा झुडपात दडवायचं आणि त्या जागेपासून लांब जायचं, कारण शोधपथक छत्रीच्या दिशेनेच येई. मग दिवसभर लपून एखादं एकटं शेतघर न्याहाळायचं आणि अंधार पडल्यावर दार वाजवायचं. ब्रिटिश विमानदळाच्या काही बुटांत बारीक चाकू लपवलेला असे. त्याने वरची गुडघ्यापर्यंतची बाही कापली की खाली साधा जोडा उरे. जवळ रेशमी कापडावर छापलेला नकाशा, इवलंसं होकायंत्र आणि साध्या कपड्यातले फोटोही असत. या फोटोंतही मेख होती. अमेरिकन तळांवर फोटोसाठी एकच कोट नि एकच टाय सगळ्यांना घालत, आणि कोटावरून तळ कुठला हे जर्मनांना ओळखू येई.

आता घर. बेल्जियममध्ये माणशी रोजचा पाव सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. लपलेल्या माणसाला रेशनकार्ड नाही, आणि तो विशीतला, धिप्पाड, भुकेला. म्हणजे काळ्या बाजारातून आणायचं किंवा खोटी कुपनं मिळवायची, तेही एकाच दुकानातून नाही, नाहीतर दुकानदार विचारणार, घरी कोण आलंय? घरातले बाहेर गेले की नळ सोडायचा नाही, संडासाची साखळी ओढायची नाही, खिडकीशी जायचं नाही, जोडे काढूनच वावरायचं. लहान मुलं असलेल्या घरात हे आणखी कठीण, कारण मूल शाळेत काय बोलेल याचा भरवसा नाही.

कपडे कसेबसे जमत, जोडे जमत नसत. चामड्याची टंचाई, लोक लाकडी तळाचे जोडे घालत होते, आणि अमेरिकन पावलांच्या मापाचं काही सापडेना. चावणारा जोडा घालून माणूस लंगडला की रस्त्यात नजरेत भरे, आणि पुढे डोंगर चढायचा असे तो वेगळाच. सवयीही मोडाव्या लागत: खिशात हात घालून नाणी खुळखुळवणं, च्युइंगम चघळणं, मांस कापून झाल्यावर काटा डाव्या हातातून उजव्यात घेणं. शेवटची ही एवढीशी गोष्ट, पण जेवणाच्या टेबलावर तीच माणसाला उघडं पाडे. आगगाडीत वाटाडी मुलगी पुढे, हा काही पावलं मागे, तिकीट नि ओळखपत्र स्वतःच्या खिशात, आणि डब्यात बसल्यावर झोपेचं सोंग. ती पकडली गेली, तरी ओळख दाखवायची नाही.

ही साखळी बहुतेक वेळा तुटली ती विश्वासाच्या जागी. म्हणून नव्या माणसाची आधी उलटतपासणी होई: तळ कुठला, विमान कुठलं, सोबत कोण होतं, वगैरे. नोव्हेंबर १९४२ मध्ये ब्रसेल्सच्या मारेशाल कुटुंबाकडे दोन ‘अमेरिकन’ आले. त्यांची पुरती पडताळणी होण्याआधीच त्यांना घरात घेतलं गेलं. ते जर्मनांचे हस्तक निघाले. काही दिवसांत शंभराच्या आसपास माणसं धरली गेली. वडील जॉर्ज मारेशाल यांना पुढच्या वर्षी गोळ्या घातल्या, आई आणि मुलगी छावणीत गेल्या आणि जिवंत परतल्या. यावरून त्यांना निष्काळजी ठरवणं मला पटत नाही. दारात उभ्या असलेल्या माणसाला रस्त्यावर ठेवून चौकशी करता येत नाही, कारण रस्त्यावरच तो पकडला जाण्याची भीती जास्त.

ही साखळी उभी केली आंद्रे द योंग हिने, सगळे तिला देदे म्हणत. ऑगस्ट १९४१ मध्ये चोवीस वर्षांची ही मुलगी एका ब्रिटिश सैनिकाला आणि दोन बेल्जियन माणसांना घेऊन स्पेनमधल्या बिल्बाओच्या ब्रिटिश वकिलातीत हजर झाली. तिथल्यांना आधी खरं वाटेना. तिने खर्चाचे पैसे मागितले, पण साखळीची सूत्रं बेल्जियन हातांतच राहतील, हे निक्षून सांगितलं. फ्रान्समध्ये सीमेअलीकडच्या आंग्लेतमध्ये एल्विर द ग्रीफ धान्य-निवाऱ्याची बाजू सांभाळी. तिचा नवरा जर्मन कचेरीत दुभाषा होता, तिथून तो कोरी ओळखपत्रं नि परवाने काढून आणी.

तू सीमेवरच्या बिदासोआ नदीशी पोचलीस की पाणी बघ. वाटाड्या फ्लोरेंतिनो गोइकोएचेआ हा बास्क, चोरट्या मालाची ने-आण करणारा, अंधारातही वाट न चुकणारा. माणसं दोरीच्या तळाचे जोडे घालून चालत, म्हणजे आवाज होत नाही. काठावर विजारी काढून गळ्याभोवती बांधायच्या आणि गार पाण्यातून पलीकडे. पलीकडे लगेच रस्ता, रेल्वे आणि स्पॅनिश पहारा. पावसाने नदी फुगली की पायी ओलांडण्याजोगा उतार उरत नाही. मग पुलाकडून काही तासांचा वळसा, नाहीतर थांबायचं. डिसेंबर १९४३ मध्ये एका रात्री साखळीचा एक म्होरक्या आंत्वान द्युर्सेल आणि एक अमेरिकन वैमानिक इथेच बुडाले.

थांबणंही महागात पडे. १५ जानेवारी १९४३ रोजी नदी चढलेली, म्हणून देदे तीन वैमानिकांसह सीमेअलीकडच्या उर्युन्य गावाजवळ फ्रांचिया उसांदिझागाच्या शेतघरात अडकली, आणि तिथेच सगळे पकडले गेले. ही साखळी मीच चालवते, असं देदेने चौकशीत कबूल केलं, पण जर्मनांना ते पटेना. ती रावेन्सब्रुक आणि माउटहाउजेन या छळछावण्यांमधून वाचली. तिचे वडील फ्रेदेरिक, पेशाने शिक्षक, त्यांना मार्च १९४४ मध्ये पॅरिसजवळच्या माँ-व्हालेरियाँवर गोळ्या घातल्या. फ्रांचिया रावेन्सब्रुकमध्येच गेली. उर्युन्यमध्ये ते शेतघर बिदेगें-बेरी या नावाने ओळखलं जातं. कुणालाही विचार, आणि निघण्याआधी तिथे जरूर जाऊन ये.

तुझी,
आई