शनिवारच्या मोनहेगन सहलीबाबत सूचना

मंडळी, शनिवारी अमेरिकेच्या मेन राज्यातल्या मोनहेगन बेटावर जायचंय. पोर्ट क्लाइडच्या धक्क्यावर बोटीच्या अर्धा तास आधी हजर राहा. बोट कुणासाठी थांबत नाही. पार्किंगचे पैसे वेगळे. तासभर हेलकावे आहेत, ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी आधीच घ्यावी.

बेटावरचं संग्रहालय टेकडीवर, दीपगृहाच्या रखवालदाराच्या जुन्या घरात आहे; शेजारी १८५० चा ग्रॅनाइटचा मनोरा. खोल्या लहान, तेव्हा गटागटानेच आत जाऊ. चित्रकार रॉकवेल केंट १९०५ मध्ये या बेटावर आला, पोटासाठी सुतारकाम केलं, लॉब्स्टरच्या होड्यांवर राबला. बेटावरच्या कड्यांची चित्रं आधी संग्रहालयात बघा, मग पूर्वेच्या पायवाटेने तेच कडे प्रत्यक्ष. हा क्रम उलटा करू नका, निम्मी मजा जाते! भर उन्हाळ्यात इथे लॉब्स्टर पकडत नाहीत, म्हणून सापळे घरांशेजारी रचलेले दिसतील. फोटो काढा, हात लावू नका.

रस्ते कच्चे, वर चढही आहे. चपला नकोत, बूट घाला. बेटाच्या मागच्या बाजूला पाण्यात अजिबात उतरायचं नाही, लाट आत ओढते. गावाबाहेर धूम्रपानाला बंदी आहे. डबे आपापले, कचराही आपापलाच परत आणायचा.

येणार नसाल तर गुरुवारपर्यंत कळवा, प्रतीक्षायादीत माणसं आहेत.